परबमामांचा गज

भिकाजी परब यांनी आयुष्यात अंदाजाने काही केलेले माझ्या पाहण्यात नाही. लालबागच्या आमच्या चाळीत ते माझ्याच मजल्यावर, जिन्यापासून तिसऱ्या खोलीत राहत. कुणाला खिडकीचा पडदा शिवायचा असो, गणपतीच्या मखरासाठी कापड घ्यायचे असो, माणूस आधी त्यांच्या दारात उभा राही. मामा जेवत असले तर हात धुऊन उठत, दारामागच्या खिळ्याला टांगलेला वारभर लांबीचा शिसवी गज काढत, धोतराच्या सोग्याने पुसत आणि मग माप घेत. माप घेताना ते बोलत नसत. दुसरे कुणी मध्ये बोलले, तर पुन्हा पहिल्यापासून घेत. "नजर म्हणजे आळशी माणसाचो गज," हे त्यांचे वाक्य मी पुढे वर्गात इतक्या वेळा वापरले की माझ्या विद्यार्थ्यांना ते माझेच वाटते.

त्या गजाची हकिकत सांगणे आवश्यक आहे. मामा आमच्या भागातल्या एका गिरणीत घडी खात्याचे मुकादम होते. विणून, धुऊन, खळ देऊन आलेले कापड जिथे मोजतात, घडी घालतात आणि ताके बांधतात, ते हे खाते. पूर्वी तिथे कापड गजाने हाताने मोजत. पुढे घडी घालणारे यंत्र आले, गज निकालात निघाले आणि त्यांतला एक जुन्या साहेबाने मामांना दिला. दोन्ही टोकांना पितळी टोप्या आणि मधोमध हाताच्या घामाने काळी पडलेली मूठभर जागा. घरात देवांच्या तसबिरींखालोखाल मान होता तो त्या गजाला.

मामांनी मापून दिलेला पडदा जमिनीवर लोळे. उशीचा अभ्रा उशीला सैल होई. त्यांची पत्नी, जिला सारी चाळ मामी म्हणे, पडद्याला खालून टाके घालता घालता मला एकदा म्हणाली होती की ह्यांच्या हाताला कमी देणे ठाऊकच नाही. चाळीला तो त्यांच्या स्वभावाचाच भाग वाटे. मलाही तसेच वाटले. महापालिकेच्या शाळेत चौथीला मोजमाप शिकवणाऱ्या माणसाला तरी शंका यायला हवी होती, एवढेच आता म्हणता येईल.

गिरणीच्या हुतूतू संघाचे मामा शिक्षक होते. त्या काळी गिरण्यांचे संघ ही साधी गोष्ट नव्हती. चांगला खेळाडू दिसला की गिरणी त्याला आपल्याकडे ओढून घेई. त्याचा खेळ हीच त्याची शिफारस असे, आणि नोकरी हे त्या खेळाचे मोल. पण सगळ्यांना सारखी नोकरी मिळत नसे. संघातले तीन गडी 'बदली' होते, म्हणजे रोज सकाळी त्यांनी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे, आत कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम करायचे, नसेल तर घरी परतायचे. त्या तिघांत चार वर्षांपासून दाराशी उभा असलेला होता दौलत कांबळे. घोडपदेवच्या चाळीत आई आणि दोन लहान बहिणींसह राहणारा, कमी बोलणारा, डाव्या कोपऱ्यात उभा राहून समोरच्याचा घोटा धरणारा हा गडी संघात सर्वांत कष्टाळू होता.

मी ज्या हंगामाविषयी लिहितो आहे, तो संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या गोळीबाराच्या वर्षानंतर मामांनी धरलेला पहिला हंगाम. त्या गोळीबारात आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरचा एकजण मोर्च्याला गेला तो परत आला नाही, आणि त्या वर्षी मामांनी संघ मैदानावर नेला नव्हता. पुन्हा खेळायचे ठरले तेव्हा गिरणीच्या साहेबाने दोन गोष्टी केल्या. गोदामामागची मोकळी जागा संघाला मैदान म्हणून दिली, आणि मामांना शब्द दिला की लालबाग-परळच्या गिरण्यांच्या स्पर्धेची ढाल आणलीत, तर तिन्ही बदल्यांना कायम करतो. माझ्यावर गुणलेखनाचे काम आले, कारण माझे अक्षर वाचता येते आणि मला कुठल्याही बाजूने ओरडण्याची सवय नाही.

नवे मैदान मामांनी स्वतः आखले. आधी एका मंडळाच्या आखलेल्या मैदानावर उसनवारीने सराव चाले, आता स्वतःचे मैदान होते. रविवारी सकाळी खुंट्या, सुतळी, फक्कीचे घमेले आणि गज घेऊन ते गेले आणि दुपारी जेवायलाच परतले. चौदा वार लांब, अकरा वार रुंद. प्रत्येक वार त्यांनी दोनदा मोजला, एकदा उत्तरेकडून आणि एकदा दक्षिणेकडून, आणि दोन्ही वेळा गणित जुळले तेव्हाच फक्की ओतली. पांडू नावाचा आमचा चढाईचा गडी कंटाळून म्हणाला की मामा, आपल्याला खेळायचंय, देऊळ बांधायचं नाही. मामांनी त्याला चालत मैदानाला सात प्रदक्षिणा घालायला लावल्या आणि मग म्हणाले, "देवळात पाय वाकडो पडलो तर देव बोलणा नाय. हय पंच बोलता."

ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. चढाई करणारा गडी एका दमात 'हुतूतू' म्हणत मधली रेषा ओलांडून येतो. समोरचे सात जण त्याच्यापासून मागे सरतात, आणि त्यांच्या पाठीशी मैदानाची शेवटची रेषा असते. तिच्या बाहेर पाय पडला, की कुणी न शिवताही गडी बाद. डोळे चढाई करणाऱ्यावर खिळलेले असतात, त्यामुळे मागची रेषा दिसत नाही. ती पायांनाच ठाऊक असावी लागते, आणि सराव म्हणतात तो बहुतेक एवढ्यासाठीच असतो.

पहिला सामना आमच्याच मैदानावर झाला आणि आम्ही तो सहज जिंकलो. दुसरा परळच्या एका गिरणीच्या मैदानावर होता. तिथे आमचे पाच गडी एकामागून एक मागच्या रेषेबाहेर पाय टाकून बाद झाले आणि सामना गेला. परतताना सगळे आपापली कारणे सांगत होते. पांडूच्या मते पंच परळचा होता. दुसऱ्या एकाच्या मते फक्की मुद्दाम पुसट ओतली होती. दौलत शेवटी, जरा मागून चालत, म्हणाला, "मामा, त्यांचं मैदान आखूड वाटतं."

मामा थांबले. टोपी काढून त्यांनी तिची चार पदरी घडी घातली. राग आला की ते ओरडत नसत, घडी घालत. "मैदान आखूड नाय रे. तुजी नजर आखूड."

मी त्या वेळी मामांना सुचवले की एकदा परळचे मैदान मोजून पाहायला काय हरकत आहे. त्यावर त्यांनी मलाच विचारले की मास्तरांनू, लोकांकडे जेवायला जाऊन तुम्ही त्यांचे ताट मोजता काय. खरे पाहता त्यांनी त्या दिवशी गज नेला असता, तर मैदान आखूडच भरले असते आणि त्यांनी तक्रार केली असती. तक्रारीची तपासणी झाली असती आणि हंगाम तिथेच सावरला असता. मामांच्या सभ्यपणाने आमचे नुकसान केले असे मी म्हणत नाही, पण तो त्या दिवशी आमच्या उपयोगी पडला नाही.

तिसरा सामना घरी, जिंकलो. चौथा डिलाईल रोडला होता, आणि तो आम्ही वेगळ्याच कारणाने घालवला. आदल्या दिवशी मोर्चा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीबाबत मामांचे मन कुणाहून कमी नव्हते. त्यांनी स्वतः सगळ्या संघाला मोर्च्यात पाठवले, पण पांडूला बजावले की तू चाल, घोषणा दुसऱ्यांना देऊ दे. पांडू भायखळ्यापर्यंत तोंड मिटून चालला. त्यापुढे कुणीतरी त्याला खांद्यावर घेतले आणि मग त्याला राहवले नाही. दुसऱ्या दिवशी मैदानात तो उतरला तेव्हा त्याच्या घशातून घोगरी फुंकर तेवढी निघत होती. पंचाला 'हुतूतू' ऐकू येईना, त्यामुळे दम तुटला असे धरून तो तीन वेळा बाद दिला गेला. पांडू पंचाशी भांडायला गेला, पण भांडायलाही आवाज नव्हता. तो हातवारे करत होता, पंच कानाला हात लावून ऐकत होता, आणि प्रेक्षक, जे कालच त्याच्याबरोबर त्याच मोर्च्यात होते, पोट धरून हसत होते.

मामा हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी मला वही उघडायला लावली आणि पांडूचे तीन वगळून बाकीचे गडी कसे बाद झाले ते वाचून दाखवा म्हणाले. मी तीन रकाने ठेवले होते: शिवून, पकडीत आणि रेषेबाहेर. तिसऱ्या रकान्यात पुन्हा चार नावे होती.

"ह्यां पायांचा दुखणा आसा," मामा म्हणाले. "पायांकच औषध होया."

औषध असे होते. पहिली पाळी सुटल्यावर रोज संघातल्या प्रत्येकाने मधल्या रेषेवर उभे राहायचे, डोळ्यांवर पंचा बांधायचा आणि उलटे चालत मागच्या रेषेच्या आत थांबायचे. रेषा आणि टाच यांत चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे. ते मामा स्वतः वाकून मोजत. कमी पडले तर पुन्हा, जास्त राहिले तर पुन्हा. चाळीस वेळा. पांडू पंच्याखालून डोकावून काम उरकून टाकी. दौलत मात्र पंचा स्वतः करकचून बांधी. बाकीचे गेल्यावरही तो थांबे, आणखी चाळीस वेळा चाले. महिन्याच्या शेवटी त्याची टाच रेषेपासून अशी चार बोटांवर थांबू लागली की मामांनी मला बोलावून ती दाखवली. "बघा," ते म्हणाले, "ह्या पायांक आता डोळे फुटले." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वांत मोठी शाबासकी.

त्यानंतरच्या बाहेरच्या सामन्यात दौलत तीन वेळा रेषेबाहेर गेला. पांडू एकदाही गेला नाही.

हे आम्हा कुणालाच समजेना. जो सर्वांत अधिक शिकला होता तोच सर्वांत अधिक चुकत होता, आणि ज्याने पंच्याखालून पाहिले होते तो वाचत होता. शाळेत असे झाले असते तर मी आधी प्रश्नपत्रिका तपासली असती. मैदानावर मात्र मीही मुलालाच दोष दिला. तिसऱ्या वेळी बाद होऊन दौलत बाहेर येऊन बसला, तेव्हा मामा सगळ्यांसमोर त्याला म्हणाले की चार वर्षे दाराशी उभे राहून तुझ्या पायांना उभे राहणेच जमते, मागे सरणे नाही. दौलतने मान वर केली नाही. पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचे नाव नव्हते.

तो पुढचा सामना घरच्या मैदानावर होता, म्हणून आम्ही जिंकलो. पण 'म्हणून' हा शब्द मी आज लिहू शकतो. त्या दिवशी सगळ्यांनी, मामांनी आणि मीसुद्धा, असे धरले की दौलतला वगळल्यामुळे जिंकलो. त्या विजयाने आम्ही परळच्या संघाच्या बरोबरीला आलो, आणि ढालीचा निकाल शेवटच्या सामन्यावर, परळच्या मैदानावर, येऊन ठेपला. तो चार दिवसांवर होता.

त्याच आठवड्यात माझ्या वर्गात मोजमापाचा पाठ आला. फूट आणि इंच मुलांच्या पट्टीवर असतात, पण वार त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. मी मामांकडून गज मागून नेला. टेबलावर तीन फूटपट्ट्या टोकाला टोक लावून मांडल्या आणि शेजारी गज ठेवला. गज पट्ट्यांच्या पुढे इंचभर आला. वर्ग हसला. मी मुलांना सांगितले की पट्ट्या जुन्या आहेत, टोके झिजली असावीत. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या नव्या पट्ट्या आणल्या. पुन्हा इंचभर. मग मी खुर्चीवर बसलो आणि कागदावर एक छोटे गणित मांडले. चौदा वारांना चौदा इंच. त्याचे निम्मे सात. आमच्या मैदानात मधल्या रेषेपासून मागच्या रेषेपर्यंत सात इंच जास्त होते.

संध्याकाळी मी गज, पट्ट्या आणि गुणलेखनाची वही घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी गज पट्ट्यांशी लावलेला पाहिला आणि त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. उलट अजाण माणसाला खात्यातली गोष्ट सांगावी तसे ते मला समजावू लागले. "घडी खात्याचो वार सदतीस इंचांचोच आसता, मास्तरांनू. छत्तीस दिले तर धुतल्यावर गिऱ्हाइकाक कमी पडात. कापड आटता."

गज त्यांच्या मांडीवर होता आणि त्यांचा अंगठा त्या काळ्या पडलेल्या जागेवर होता.

"मैदान आटत नाय," ते म्हणाले.

मामीने चहा आणला होता, तो तसाच निवला. मामांनी वही मागून घेतली आणि रेषेबाहेरच्या रकान्यातली नावे एकेक करून बोटाने मोजली. घरच्या सामन्यांत त्या रकान्यात नाव नव्हते. बाहेरच्या प्रत्येक सामन्यात होते, आणि पंच्याचा सराव सुरू झाल्यापासून तिथे दौलतचे नाव वारंवार येत होते. मामांनी त्याला रोज ऐंशी वेळा चुकीचे अंतर शिकवले होते, आणि त्याने ते तंतोतंत शिकले होते. चूक दुसऱ्या कुणाची असती, तर तिचा उगम सापडल्यावर मामा समाधानाने हसले असते. ते उठले, गज खिळ्याला लावला, माझी एक पट्टी खिशात घातली आणि मला म्हणाले की चला.

घोडपदेवला दौलतच्या चाळीत मामा त्यापूर्वी गेले नव्हते. का गेले नव्हते हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्या काळच्या वाचकाला ते सांगावे लागत नाही. चाळीच्या मागच्या फरसबंद चौकात दौलत एकटाच होता. जमिनीवर कोळशाच्या दोन रेघा होत्या आणि तो डोळे मिटून एकीकडून दुसरीकडे उलटा सरत होता. मामांनी खिशातून माझी फूटपट्टी काढली, गुडघे टेकले आणि एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत मोजत गेले. एकवीस फूट. सात खरे वार, ना इंच कमी, ना इंच जास्त.

"ह्यां माप तुका कोणी दिला?"

"परळच्या मैदानावरून आणलं. सामना संपल्यावर पावलाला पाऊल लावून मोजलं होतं."

"मग सांगलंस कित्याक नाय?"

"सांगितलं होतं, मामा. पहिल्याच दिवशी."

मामा तसेच गुडघ्यांवर होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटले घडी घालतील. पण त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, "माजो गज चुकलो. तू नाय चुकलंस." मग दौलतची आई पाणी घेऊन आली, आणि मामांनी ते तिथेच, कोळशाच्या रेघेशेजारी बसून, सगळे प्यायले.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या रेषा खरवडून नव्याने आखल्या गेल्या. यादीत दौलत परत आला. पण सामन्याला दोन दिवस उरले होते, आणि तीन महिन्यांत पायांत मुरलेले दोन दिवसांत निघत नाही. मामांना हे ठाऊक होते. त्यांनी त्या दोन दिवसांत कुणाला काही नवे शिकवले नाही. फक्त पुन्हा पुन्हा सांगत राहिले की मागे सराल तेव्हा वीतभर आधी थांबा.

परळच्या मैदानावर सामना शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत होता. त्यांचा सगळ्यांत चपळ गडी आला. दौलत कोपऱ्यात मागे सरला आणि रेषेच्या आत नेमका चार बोटांवर थांबला. मी गुणलेखकाच्या जागेवरून ते अंतर पाहू शकत होतो. गडी वळला त्या क्षणी दौलतने त्याचा घोटा धरला. उत्तम पकड होती. तो गडी जमिनीवर आला, त्याचा दम संपत आला होता. इतक्यात मदतीला म्हणून पांडू धावला, त्याने मागून कंबर धरली आणि जोर देण्यासाठी आपला उजवा पाय मागे रोवला, रेषेच्या पलीकडे. नियम असा की रेषेबाहेर पाय टाकून गडी धरला तर पकड मोडते आणि बाहेर गेलेलाच बाद ठरतो. पंचाची शिट्टी झाली. पांडूने खाली पाहिले. तो पाय रेषेपलीकडे सुमारे सात इंच होता.

एका गुणाने ढाल परळला गेली. दौलतने घोटा सोडला नव्हता; पंचाला त्याची बोटे उकलावी लागली.

सोमवारी मामा साहेबाकडे गेले. मी अर्ज लिहून दिला होता आणि बाहेर बाकावर बसलो होतो. मामांनी आत काय सांगितले ते त्यांनीच नंतर सांगितले: की पराभव शिक्षकाच्या गजाचा आहे, खेळाडूंचा नाही, म्हणून शब्द पाळावा. साहेबाला गंमत वाटली. तो म्हणाला की परब, आपल्या गिरणीचे माप सढळ आहे याचा मला अभिमान वाटतो, पण शब्द ढालीचा होता.

मामांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष राहिले होते. गिरणीत असा रिवाज होता की जुना माणूस निघताना आपल्या जागी आपल्या एका माणसाचे नाव देई, आणि खाते ते मान्य करी. मामांचा पुतण्या त्या जागेसाठी कणकवलीहून मुंबईला येऊन राहिला होता. मामांनी त्याला परत पाठवला आणि मला दौलतच्या नावाचा अर्ज लिहायला सांगितले. यावरून मामी त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही, गावाहून भावाचे कडक पत्र आले. ते सगळे मामांनी ऐकून घेतले. माझी अडचण वेगळी होती. छापील अर्जात 'नाते' असा रकाना होता. मी विचारले, काय लिहू.

मामांनी त्या रकान्यावर अंगठा टेकवला. "खोटा लिवू नकात," एवढेच म्हणाले. रकाना रिकामा राहिला. अर्ज परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी कचेरीतल्या कारकुनाने मला बाजूला घेऊन सांगितले की गुरुजी, भाचा म्हणून लिहून टाका, कुणी तपासत नाही. मी मामांना सांगितले. त्यांनी नकार दिला. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो. एका खोट्या शब्दाने एका घराची चूल नीट पेटली असती. पण त्या हंगामात एका इंचाकडे आम्ही सगळ्यांनी असेच दुर्लक्ष केले होते, आणि त्यांतला एक मी होतो, म्हणून मला फारसे बोलता आले नाही. दौलतने या अर्जांबद्दल कधी विचारले नाही. तो दाराशी उभा राहायचा थांबला आणि वडाळ्याच्या रेल्वे यार्डात खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून लागला, हे आम्हाला पांडूकडून कळले. मामांच्या जागेवर कुणा दुसऱ्याचाच माणूस आला.

निवृत्तीनंतर मामांनी माप घेणे सोडले. चाळीतले लोक येत, आणि मामा त्यांना नम्रपणे शिंप्याकडे पाठवत. गज खिळ्यालाच राहिला. माझी फूटपट्टी मात्र त्यांनी परत केली नाही, आणि मीही मागितली नाही.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षीची गोष्ट. वडाळ्याच्या रेल्वे वसाहतीत दौलतने संघ बांधला होता, आणि त्यांच्या पहिल्या सामन्याला त्याने आम्हा दोघांना बोलावले होते. आम्ही वेळेआधी पोहोचलो. मैदान अजून आखायचे होते. दौलत सदऱ्याच्या बाह्या वर करून फक्कीचे घमेले घेऊन उभा होता, आणि त्याच्या हातात रेल्वेची लांब कापडी फीत होती. आम्हाला पाहून तो आला, मामांच्या पाया पडला, आणि मग दुसरे कुणी जवळ नसल्यासारखे फितीचे टोक त्यांच्या हातात देऊन म्हणाला, "मामा, जरा खुंटीशी धरा."

मामा खुंटीशी हळूहळू खाली बसले. तोवर त्यांचे गुडघे दुखू लागले होते. दौलत फीत उलगडत दूर चालत गेला. पलीकडच्या टोकाला तो वाकला आणि धरू का म्हणून त्याने हाक दिली.

मामांनी कोटाच्या आतल्या खिशातून माझी फूटपट्टी काढली, फितीच्या पहिल्या फुटाशी लावली आणि चष्मा वर सारून दोन्ही टोके पाहिली. मग फीत थोडी पुढे घेऊन दुसरा फूट पाहिला. पलीकडे दौलत तसाच वाकून, घाई न करता, थांबला होता. तिसऱ्या फुटानंतर मामांनी पट्टी खिशात ठेवली, फितीचे टोक अंगठ्याने खुंटीवर दाबून धरले आणि दुसरा हात वर केला.